तिकिटाला उद्याचं ठाऊक नसतं

खेळाचं तिकीट छापलं जातं तेव्हा खेळ अजून व्हायचा असतो. माझं सगळं काम या एका साध्या गोष्टीवर उभं आहे. खिळे जुळवणारा कंपोझिटर, ट्रेडलवर कागद लावणारा मशीनमन, नंबर टाकणारा पोरगा, यांतल्या कुणालाच कोण जिंकणार, कुणाचं शतक होणार, कोणता पैलवान चितपट होणार याची कल्पना नसते. दार कोणतं, रांग कोणती, दर किती आणि वेळ काय एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. म्हणून खरं तिकीट बहुधा रुक्ष असतं. बनावट तिकीट करणारा मात्र पन्नास वर्षांनंतर बसलेला असतो. त्याला निकाल पाठ असतो, कोणता क्षण लोकांच्या मनात राहिला तेही माहीत असतं, आणि हे माहीत असणंच त्याच्या हातून कागदावर उतरतं.

मी छत्रपती संभाजीनगरात जुनी तिकिटं, सामन्यांची माहितीपत्रकं, कुस्त्यांची हँडबिलं आणि स्वाक्षऱ्यांच्या वह्या तपासून देते. हे शिक्षण मला वडिलांच्या छापखान्यात मिळालं. औरंगपुऱ्यातल्या त्या गाळ्यात एक ट्रेडल मशीन होतं आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या केसी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांची देणगीपुस्तकं, नाटकांची आणि कुस्त्यांची तिकिटं असं काहीही तिथं छापलं जाई. शाळेतून आले की छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचं काम माझ्याकडे असे. उलटी अक्षरं वाचायची सवय तिथंच लागली. कोणत्या टाइपात मात्रा अक्षराबरोबर ओतलेली असते, कोणत्यात ती वेगळी जोडावी लागते आणि जोडलेली मात्रा दाबाखाली कुठं मोडते, हे बोटांना कळू लागलं. पुढं ऑफसेट आलं, मग संगणकावरची जुळणी आली आणि छापखाना बंद झाला. मशीन भंगारात गेलं, अक्षराकडे बघायची सवय मात्र सुटली नाही.

शहागंजात नाणी आणि टपाल तिकिटं जमवणारे एक काका होते. त्यांनी एकदा एक कागद पुढं केला आणि म्हणाले, "ताई, हे खिळ्यांवर छापलंय का ऑफसेटवर, एवढंच सांगा." मी कागद उलटा करून पाठीमागून बोट फिरवलं आणि सांगितलं. त्यांच्याकडून दुसऱ्याला कळलं, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. आता संग्राहक येतात, घर आवरताना ट्रंकेत काही सापडलेली कुटुंबं येतात आणि विकत घेण्याआधी खात्री करून घेणारे लोकही येतात.

सर्वांत जास्त येतात ती क्रिकेटची तिकिटं, आणि त्यातही १९८७ च्या रिलायन्स कपाची, म्हणजे त्या वर्षीच्या विश्वचषकाची. त्या स्पर्धेचा भारत-इंग्लंड उपांत्य सामना ५ नोव्हेंबरला वानखेडे स्टेडियमवर झाला. ग्रॅहम गूचनं स्वीपचा मारा करत ११५ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला आणि सुनील गावसकरांचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना ठरला. एका तरुणानं या सामन्याचं म्हणून जे तिकीट आणलं, त्यावर मधोमध ठळक इंग्रजीत दोन्ही देशांची नावं होती आणि कोपऱ्यात गावसकरांचं रेखाचित्र. कागद जुनाट दिसत होता, कडा झिजलेल्या होत्या.

भिंग हातात घेण्याआधी मी त्याला वेळापत्रक सांगितलं. आपला शेवटचा साखळी सामना ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडशी होता. चेतन शर्मानं त्यात हॅट्ट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिली. गटात अव्वल यायचं तर नुसतं जिंकून भागणार नव्हतं, धावा झपाट्यानं काढायला हव्या होत्या. २२२ धावांचं लक्ष्य भारतानं ३२.१ षटकांत गाठलं. गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. तसं झालं म्हणून भारत गटात पहिला आला आणि मुंबईत खेळला. दुसरा आलेला ऑस्ट्रेलिया लाहोरला गेला. म्हणजे वानखेडेवर कोण कुणाशी खेळणार हे सामन्याच्या पाच दिवस आधी, नागपुरात ठरलं. एवढ्या मोठ्या मैदानाची तिकिटं छापायची, त्यांवर नंबर टाकायचे, फाडायच्या रेघेवर छिद्रं पाडायची, गठ्ठे करून वाटायचे, हे सगळं पाच दिवसांवर कोणी ठेवत नाही. अशा सामन्याचं तिकीट 'उपांत्य सामना' एवढंच म्हणू शकतं.

एवढ्यावर मी निकाल देत नाही. घाईत पुन्हा छापलेलं तिकीट असू शकतं, पाहुण्यांसाठी वेगळी प्रत काढलेली असू शकते. म्हणून दहा पटीच्या भिंगाखाली काळं अक्षर बघितलं. एका शाईनं छापलेलं काळं भिंगाखालीही सलग काळंच राहतं. इथं मात्र त्या काळ्यात निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके गुंफलेले होते. कुणीतरी संगणकावर चित्र तयार करून रंगीत प्रिंट काढली होती. आता वेळापत्रक, शाई आणि शेवटचा सामना आधीच ठाऊक असल्यासारखं गावसकरांचं ते चित्र, तिन्हींची साक्ष एकाच बाजूला गेली.

"पण ताई, लोकं याचे लै पैसे द्यायलेत," तो म्हणाला. खरं होतं त्याचं. जगभर हेच चाललं आहे. जॅकी रॉबिन्सन यांनी १५ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पाऊल ठेवलं, आधुनिक काळातले तिथले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. त्या सामन्याच्या तिकिटाचा एक फाटका तुकडा २०२२ मध्ये चार लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. अशा बातम्या आपल्याकडेही पोचतात आणि घराघरातल्या ट्रंका उघडतात. त्यातून चांगलं हे झालं की रद्दीत जाणारे कागद वाचू लागले. वाईट हे की जिथं किंमत येते तिथं कारागीरही येतात.

वानखेडेवरच्या त्याच सामन्याचं खरं तिकीटही माझ्या टेबलावर आलं आहे. एक बाई वडिलांच्या मागं राहिलेलं पाकीट घेऊन आल्या. त्यात फाटलेल्या तिकिटाचा उरलेला भाग होता, दादरच्या एका लॉजची पावती होती आणि रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट होतं, आपल्या शहराहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, मनमाडचं. आपल्याकडची गाडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटर गेजवर होती. मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरून गाडी बदलायची. उतरताना ते पुठ्ठ्याचं तिकीट कुणी मागितलं नसावं, म्हणून खिशात राहिलं. त्यावर दाबून उमटवलेली तारीख ३ नोव्हेंबरची होती. लॉजच्या पावतीवर ४ आणि ५. सामन्याच्या तिकिटावर कोणत्याही देशाचं नाव नव्हतं. मागच्या बाजूला बॉलपेननं, नेहमीच्या हिशेबी अक्षरात, त्या गृहस्थांनी प्रवासाचा, जेवणाचा आणि लॉजचा खर्च मांडला होता. क्रिकेटचा त्यात एक शब्द नव्हता.

मला त्या हिशेबानं फार समाधान दिलं. नकली करणाऱ्याला असा हिशेब सुचत नाही. त्याला सुचते ती स्वाक्षरी, धावसंख्या, भावनेनं लिहिलेली ओळ. ज्यानं तो दिवस खरोखर काढला, त्याला परतीच्या पैशांची काळजी होती. तीन वेगवेगळ्या छापखान्यांतून, वेगवेगळ्या कामांसाठी निघालेले तीन कागद एकाच माणसाच्या एकाच प्रवासाबद्दल बोलत होते आणि कुठंही एकमेकांना खोटं पाडत नव्हते. अस्सलपणाचा यापेक्षा भक्कम पुरावा मला क्वचितच मिळतो. बाईंना मी एकच विनंती केली, हे तीन कागद कधीही वेगळे करू नका.

तपासणीची साधनं तशी थोडीच. भिंग, कागदाची जाडी मोजायचं मायक्रोमीटर, खालून उजेड टाकणारी काच, अतिनील प्रकाशाचा दिवा. खिळ्यांची छपाई कागदात किंचित रुतते आणि दाबामुळे अक्षराच्या कडेला शाईची बारीक गोट येते. ऑफसेटची शाई सपाट बसते. लेझर प्रिंटरची काळी भुकटी वितळून कागदावर चमकत राहते. इंकजेटचे थेंब धाग्यांच्या बाजूनं पसरतात. जुनी घडी असेल तर शाई घडीवर तडकलेली हवी. शाई घडीच्या खाचेत उतरलेली दिसली, तर घडी आधीची आणि छपाई नंतरची. टाचणीचा गंज कागदाच्या आरपार जातो आणि भोवती तपकिरी कडं सोडतो. रंगवलेला गंज वरच राहतो.

वय आणण्यासाठी लोक कागद चहाच्या पाण्यात बुडवतात, उन्हात ठेवतात, तव्यावर शेकतात. असा कागद सगळीकडून एकसारखा पिवळा होतो. खरा कागद कडेकडून आत पिवळा होत जातो, कारण हवा आणि उजेड कडेनं शिरतात. गठ्ठ्यात मधे असलेलं तिकीट आत जवळजवळ ताजं राहतं. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो, त्याला कसर लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यावर तांबूस ठिपके उठतात. एखाद्यानं सांगितलं की हे तिकीट कायम बीडच्या वाड्यात होतं आणि कागदावर तांबूस बुरशीचे ठिपके भरलेले असले, तर मी विचारते, आधी कुठं होतं?

अतिनील दिव्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण लोक त्याच्यावर नको तेवढा विश्वास ठेवतात. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घालायची रसायनं साधारण १९५० नंतर कागदधंद्यात रुळली. अंधारात दिवा धरला की असा कागद निळसर उजळतो. १९८३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या म्हणून गाजलेल्या रोजनिशा खोट्या ठरल्या, त्यात या रसायनाचा मोठा वाटा होता. १९४५ च्या आधीच्या वहीत पन्नाशीच्या दशकातलं रसायन निघालं. पण कागद उजळला नाही म्हणजे तो जुना, असं होत नाही. ती रसायनं नसलेला कागद आजही मिळतो. शिवाय जुना कोरा कागद मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या वह्या, खतावण्या, रजिस्टरं निघतात आणि त्यांची मागची पानं कोरी असतात. कागद जुना आणि छपाई नवी, असा प्रकार ओळखायला दिवा उपयोगी पडत नाही. तिथं पुन्हा भिंगच लागतं.

कागद ओळखायला मी कागजीपुऱ्याला जाऊन शिकले. दौलताबादहून वेरूळकडे जाताना लागणारं हे गाव. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून इथं हातकागद होत आल्याचं सांगतात. जुन्या मोडी कागदपत्रांत जुन्नरीबरोबर दौलताबादी कागदाचं नाव येतं, तो याच परिसरातला. चिंध्यांचा लगदा हौदात कालवायचा, चाळणी तिरपी बुडवून सरळ उचलायची, पाणी गळू द्यायचं, ओला ताव अलगद उतरवायचा. कारागीर चाळणी कशी हलवतो त्यावर धागे कोणत्या दिशेला बसतात हे तिथं उभं राहून बघितलं, तेव्हा उजेडावर धरलेल्या कागदातला ढग मला वाचता येऊ लागला. गिरणीच्या कागदात धागे बहुतेक एकाच दिशेनं झोपतात, म्हणून तो एका बाजूनं सरळ फाटतो आणि दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा. मैदानाच्या दारावर फाडलेल्या तिकिटाच्या कडेवरूनही ही दिशा कळते. एकाच गठ्ठ्यातली म्हणून आणलेली दोन तिकिटं वेगवेगळ्या दिशेनं कापलेली असली, तर मी थांबते.

आपल्या भागाच्या कागदांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती इतिहासाची. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी भाषा उर्दू होती, सालं फसली होती आणि नाणं होतं हाली सिक्का, म्हणजे उस्मानिया रुपया. सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश, रुपयांना सात हाली असा साधारण भाव. एका घरातून मोइनुद्दौला सुवर्णचषक क्रिकेट स्पर्धेचं म्हणून एक तिकीट आलं होतं. ही स्पर्धा १९३० च्या सुमारास हैदराबाद-सिकंदराबादेत सुरू झाली. तिकिटावरचा दर कलदारात होता, म्हणून आणणाऱ्यालाच शंका आली होती. पण सिकंदराबाद ही इंग्रजांची छावणी होती आणि तिथं कलदार चालत असे. तिथला कागद कलदारात बोलला तर ती खोट नव्हे. उलट साल फसली असून महिना इंग्रजी पंचांगाचा, किंवा फसली साल आणि इसवी सन यांतलं ५९० वर्षांचं अंतर जुळत नाही, असं दिसलं की मी सावध होते. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. फसली सालातले आझुर, दय, बहमन हे महिने आता कुणाच्या जिभेवर नाहीत. बनावट करणारे त्यात अडखळतात.

स्वाक्षऱ्यांच्या बाबतीत पेनच बोलतं. क्रिकेटपटू सी. के. नायडू नोव्हेंबर १९६७ मध्ये गेले. फेल्ट टोकाची पेनं साठच्या दशकात बाजारात येऊ लागली होती. म्हणून नायडूंच्या खेळाच्या दिवसांतली म्हणवणारी जाड मार्करची सही मी बाजूलाच ठेवते. प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म १८९२ चा, ते शंभरी ओलांडून १९९३ पर्यंत होते. त्यांची खरी सही कोणत्याही पेनात असू शकते. तिथं पेन न बघता हात बघावा लागतो. म्हातारपणाचा कंप आणि नक्कल करणाऱ्याचा कंप वेगळा असतो. म्हाताऱ्याचा हात कापतो पण थांबत नाही. नक्कल करणारा मधे थांबतो आणि तिथं शाई साचते.

भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना पाहुण्या संघानं सामना सोडून दिला. या सामन्याचं म्हणून दाखवलेल्या एका प्रवेशपत्रिकेवर निंबाळकरांचं छायाचित्र होतं. सामना सुरू व्हायच्या सकाळी त्यांचाच फोटो छापायचं कुणाला काय कारण असणार, हा प्रश्न विचारला आणि पुढचं काम सोपं झालं.

आता मला सर्वांत जड गेलेलं प्रकरण सांगते. 'महाराष्ट्र केसरी' किताबाची पहिली स्पर्धा १९६१ साली आपल्याच शहरात झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तेरा वर्षांत निजामाचं राज्य, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य आणि मग महाराष्ट्र असा प्रवास केलेल्या मराठवाड्यात नव्या राज्याचा पहिला मोठा किताब लढला गेला, याचं इथल्या तालमींना आजही अप्रूप आहे. एका तालमीचे वयोवृद्ध वस्ताद त्या स्पर्धेचं तिकीट घेऊन आले. पोरांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं होतं, फ्रेम करून हनुमानाच्या फोटोशेजारी लावायचं होतं.

तिकिटावर 'पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा' असं होतं, वर गदेचं चित्र आणि खाली दर, दीड रुपया, '१ रु. ५० पैसे' असा. विजेत्याला चांदीची गदा द्यायची रीत ऐंशीच्या दशकात, कुस्ती संघटक मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ आली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आल्यापासून १९६४ पर्यंत छापील कागदांवर 'नये पैसे' किंवा 'न. पै.' असं असे. शुद्धलेखनाचे १४ नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, त्याआधीच्या छपाईत 'येथें', 'कुस्त्यांचें' असे अनुस्वार जागोजागी भेटतात. इथं एकही नव्हता. 'ल' आणि 'श' ही अक्षरं हिंदी वळणाची होती. आपल्या छापखान्यांतल्या खिळ्यांचा 'ल' तसा नसतो, संगणकाच्या अनेक फाँटांत मात्र असतो. पाठीमागून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत, कुठंही ठसा नाही. दिवा लावला तर निळा उजेड. यातली एखादी गोष्ट सुटी घेतली तर तिला उत्तर देता आलं असतं. नव्या धाटणीनं लिहिणारा छापखाना असू शकतो, चित्रकारानं हनुमानाची म्हणून गदा काढलेली असू शकते. सगळ्या एकत्र आल्यावर उत्तर उरलं नाही.

वस्तादांना हे सांगताना मी शब्द जपून वापरले. त्यांनी पैशाबद्दल काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मग ती स्पर्धा झालीच नाही, असं म्हणतील का लोकं?"

त्या प्रश्नानं मला माझ्या कामाचा अर्थ कळला. खोटा कागद खिसा कापतो हे खरं आहे, पण त्याहून मोठं नुकसान तो खऱ्या घटनेचं करतो. ज्या मातीत ती कुस्ती झाली ती खरी, ज्यांनी बघितली ती माणसं खरी. उद्या कुणी त्या फ्रेमवर बोट ठेवून हे बनावट आहे म्हणालं, तर त्या बोटाखाली सगळी आठवणच संशयात येते. मी त्यांना म्हटलं, "वस्ताद, स्पर्धा झाली, तिची नोंद आहे. तिला या कागदाच्या आधाराची गरज नाही. खोट्या आधारावर ती उभी करू नका." त्यांनी ते तिकीट तालमीत लावलं नाही. त्याऐवजी त्या काळातल्या जुन्या मल्लांना बोलावून त्यांच्या आठवणी पोरांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. त्या वहीत कुणाच्या डोळ्यांनी काय बघितलं हे लिहिणाऱ्याच्या सहीनिशी आहे. माझ्या लेखी ती वही कोणत्याही तिकिटाच्या तोडीची आहे.

मी लेखी अहवालात 'अस्सल' असा एकच शिक्का मारत नाही. काय काय तपासलं, काय जुळलं, काय जुळलं नाही आणि काय तपासता आलं नाही, हे सगळं लिहिते. खोटेपणा एका चुकीनंही सिद्ध होऊ शकतो. खरेपणा मात्र एका गोष्टीनं सिद्ध होत नाही. तो विरुद्ध पुरावा शोधूनही न सापडल्यानं आणि शेजारच्या कागदांशी जुळल्यानं हळूहळू बळकट होतो. लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं, विकणाऱ्याला तर फारच. ते न देण्यात माझ्या कामाची अब्रू आहे.

घरी जुने कागद असणाऱ्यांना माझं सांगणं आहे. लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेनं आणि चिकटपणानं कागद कायमचा अडकतो. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा होऊन शाईत उतरतो. तिकिटावर काही लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, हे कुणाचं, कुणाकडून आलं, कोणत्या पाकिटात होतं. जुन्या पाकिटातून काढून सुंदर अल्बममध्ये लावण्याआधी त्या पाकिटाचा फोटो घ्या. आता अनेक ठिकाणी मोबाइलवर चौकोनी कोड दाखवून मैदानात शिरायचे दिवस आहेत, फाडायला कागद कमीच उरला आहे. म्हणून जे आहे त्याची नीट निगा राखायला हवी.

आणि एक विनंती जुन्या छापखानदारांना. १९६१ चं ते तिकीट तपासताना माझ्याकडे तुलनेला एकही खात्रीचं अस्सल तिकीट नव्हतं. मला ते इतर ठिकाणच्या, इतर कामांच्या छपाईशी ताडून बघावं लागलं. पण प्रत्येक छापखान्यात नमुन्याची फाइल असायची. जे काम छापलं त्याची एक प्रत तारीख टाकून त्या फायलीत जायची, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलं की 'तसंच छापून द्या' म्हणता यावं. माझ्या वडिलांच्या छापखान्याची अशी फाइल मी सांभाळली आहे आणि आजही तपासणीत तिच्याकडेच वळते. जालन्यात, परभणीत, नांदेडात, लातुरात, बीडमध्ये अशा फायली अजून कुणाच्या माळ्यावर असतील. त्यांत एकही प्रसिद्ध सामना नसेल, नुसत्या तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा, यात्रेच्या कुस्त्या, शाळांचे खो-खोचे सामने असतील. पण त्यांचा कागद, खिळे, शाई, दर आणि तारीख, सगळं खरं आणि एकाच जागी आहे. बाजारात ज्याला शून्य किंमत, अशा या नमुन्यांवरच मोठ्या किमतीच्या कागदांची परीक्षा होते. ती फाइल रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या वाचनालयाला, महाविद्यालयाला किंवा माझ्यासारख्या कुणाला दाखवा. नको असेल तर मी येऊन घेऊन जाईन.